वायरमनकाकांच्या चपला

विजेला इतका मान देणारा माणूस मी उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्या काळी ठाणे जिल्हा काही लहान नव्हता. पालघर, बोईसर, पार वरचं डोंगरातलं जव्हार, सगळं त्याच्याच पोटात होतं. हे गृहस्थ सरावलीच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वायरमन होते, म्हणून लहानथोर सगळ्यांचे वायरमनकाका. लोक आंघोळ करून देवाला हात जोडतात. काका आधी मेनस्विचला जोडत आणि मग देवाकडे वळत. ‘देव एकदा माफ करेल मास्तर, ह्यो नाय करनार,’ असा त्यामागचा विचार होता. मी बोईसरच्या शाळेत इतिहास शिकवायचो, त्यामुळे न माफ करणारी बरीच मंडळी मलाही ठाऊक होती. पण भिंतीवरच्या त्या काळ्या डबीला मी त्यांत कधी धरलं नव्हतं.

लोकांच्या खिशाला पेन असतं, काकांच्या खिशाला टेस्टर असे. कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावायच्या आधी ते टेस्टर लावून बघत. लग्नाच्या पंगतीत स्टीलचं ताट समोर आलं तरी सवयीने टेस्टरकडे हात जाई. एकदा चाळीच्या गणपतीत आरती सुरू व्हायच्या आत त्यांनी मखर, समई आणि शेवटी प्रसादाची परात अशी सगळ्यांची तपासणी केली. भटजी परातीला हात लावायलाच तयार होईनात, तेव्हा काकांनी ‘चालू द्या, करंट नाय’ म्हणून परवानगी दिली आणि मग गणपतीला नैवेद्य मिळाला. माणसांकडेही ते वॅटच्या हिशेबाने बघत. स्वतःच्या बायकोला हजाराची शेगडी म्हणत, अर्थात ती घरात नसताना. मला म्हणत, ‘मास्तर म्हनजे झिरोचा बल्ब. उजेड कमी, पन कुनाला तरास नाय.’ हे कौतुक होतं असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे.

चाळीच्या मागच्या अंगणात काकूंची तुळस होती आणि तिच्यापासून चार हातांवर काकांचा अर्थिंगचा खड्डा होता. भरकटलेली वीज जमिनीत निघून जावी म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हाताने खणला होता, त्यात कोळसा आणि मिठाचे थर देऊन तांब्याची पट्टी पुरली होती. माती ओली राहिली तरच वीज उतरते, म्हणून रोज सकाळी काकू तुळशीला पाणी घालत आणि त्याच वेळी काका लोटा घेऊन खड्ड्याला पाणी घालत. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी ही कुणाची समाधी असेल समजून दोन दिवस तिथे फुलंही वाहिली. काकांनी त्यांना अडवलं नाही. उलट म्हणाले, ‘वाहू दे. आपल्या सगल्यांचा जीव त्येच्यावरच हाय.’

पण काकांचा खरा हट्ट चपलांचा होता. निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपरा त्यांच्या पायांतून घरातही निघत नसत. देवळात जाताना दाराशी काढत, तेवढा वेळ देवळातल्या ट्यूबलाइटकडे संशयाने बघत राहत. चाळीत कुणी बटणाकडे हात नेला की भिंतीपलीकडून हमखास हाक येई, ‘चप्पल हाय काय पायांत?’ आम्ही या हाकेच्या नकला करायचो, मीच सगळ्यांत चांगली करायचो. पुढे एकदा काकूंनी मला सांगितलं, की काकांचा धाकटा भाऊ गावी वाडीतल्या विहिरीवर पंप लावायला गेला होता, भिजलेल्या जमिनीवर, अनवाणी. एकोणीस वर्षांचा होता. ते ऐकल्यापासून मी नक्कल सोडली. घरात काका कुणाला साधा बल्बसुद्धा बदलू देत नसत, आणि त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली वीस वर्षांची झाली तरी तिने प्लगमध्ये पिन कधी घातली नव्हती.

आणि ही वैशाली कॉम्प्युटरवर यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकली! पालघरच्या क्लासात दोघींत एक मशीन, दिवसाला एक तास. नव्वदीची अखेर होती, वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जागा निघाली आणि मंगळवारी तिची परीक्षा ठरली. पडद्यावर यंत्राचा भाग उभा करून चहूबाजूंनी फिरवून दाखवायचा होता. काकांनी कारखान्यातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर घरी आणला होता, पण त्यावर तो भाग फिरवायला घेतला की मशीन जागच्या जागी गोठायचं. ग्राफिक्स कार्ड नवं पाहिजे, असं वैशाली म्हणाली. काकांनी रजा टाकून मुंबईहून ते आणलं, आणि रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कार्डाबरोबरची पुस्तिका इंग्रजीत होती आणि मी मास्तर होतो.

मी पोचलो तेव्हा काका चंदेरी पिशवीला टेस्टर लावून बघत होते. मग त्यांनी कार्ड बाहेर काढलं, उलटंसुलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘हेला वायर कुठं हाय?’

‘वायर नसते बाबा. बोर्डाच्या खाचेत बसवायचं, तिथूनच वीज घेतं,’ वैशाली म्हणाली.

‘वायर नाय? तीस वर्सं वायरमन म्हनून काढली, आनि माज्याच घरात बिनवायरचं?’ काका खरोखर दुखावले होते. जावई हुंडा घेत नाही म्हणाला तर एखाद्या सासऱ्याला शंका येते, तशी त्यांना शंका आली. ‘मंग हेचा खुराक किती?’

कॉम्प्युटरच्या पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर किती वॅट लिहिलंय ते त्यांनी वाचलं आणि पाटी-पेन्सिल घेऊन पंगत मांडली. डिस्कला इतके, पंख्याला इतके, सीडीला इतके, आणि हा नवा पाहुणा. बेरीज बसत होती, पण काठोकाठ. त्यातून आमच्या गल्लीतला व्होल्टेज. तिकडे तारापूरला समुद्राकाठी अणू फोडून वीज तयार होते आणि आमच्याकडे मिक्सर लागला की दिवा मान टाकतो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काकांनी स्टॅबिलायझर लावला, तरी समाधान होईना. मग ते उठले आणि दारोदार फिरून सगळ्या चाळीला फ्रिज, मिक्सर, इस्त्री बंद करायला लावली. ‘पोरीचं कार्ड बसतंय, अर्दा तास कळ काढा,’ म्हणाले. रविवारची चटणी अर्धी वाटलेली राहिली, एकाची पँट अर्धी इस्त्री केलेली राहिली, आणि ती सगळी मंडळी कार्ड बसताना बघायला दारात येऊन उभी राहिली.

काकांनी पिना काढल्या, लाकडी पाट ठेवला, त्यावर स्लिपरांसह चढले आणि हातांत रबरी मोजे घातले. वैशाली म्हणाली, ‘बाबा, मी बसवते ना.’ काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पुस्तिकेचं पहिलं पान उलटून थेट मुद्द्यावर आलो. प्रस्तावना वगळायची माझी जुनी सवय. मी वाचत गेलो, काका करत गेले. स्क्रू काढला, जुनं कार्ड काढलं, नवं खाचेवर ठेवलं आणि झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं इतक्या हळुवारपणे वरून बोट फिरवलं. पिन लावली, बटण दाबलं. एक लांब शिटी, दोन आखूड शिट्या, आणि पडदा काळाच.

वैशाली रडकुंडीला आली होती. मी काहीतरी करावं म्हणून पुस्तिका चाळायला लागलो आणि वगळलेलं पहिलं पान समोर आलं. त्यावर ठळक अक्षरांत सूचना होती, ती मी मोठ्याने वाचली आणि वाचताना माझाच आवाज बारीक होत गेला. माणसाच्या अंगात वीज साठलेली असते, तिने कार्ड मरू शकतं. म्हणून कार्डाला हात लावण्याआधी आपल्या अंगातली वीज जमिनीत उतरवावी.

काका पाटावरून खाली उतरले. ‘पुन्ना वाचा.’ मी पुन्हा वाचलं. ‘म्हनजे ह्ये मला घाबरतंय?’ ते हळूच म्हणाले. ‘आयुष्यभर मी इजेला घाबरून ऱ्हायलो, आनि हितं मीच...’ आपल्या पाटाने, मोज्यांनी आणि चपलांनी आपण पोरीचं कार्ड मारलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हसण्यासारखं सगळं होतं, पण मला हसू आलं नाही. पान मी वगळलं होतं आणि दोष ते स्वतःला लावत होते.

‘मेलं नसेल बाबा,’ वैशाली म्हणाली. ‘ह्या शिट्या म्हणजे कार्ड नीट बसलं नाही. जोराने दाबायला लागतं. तुम्ही दाबलंच नाही.’

काकांनी मोजे काढले. पेटीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. ह्या हातांनी कार्ड दाबलं जाणार नाही हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, त्यांनाही दिसलं. त्यांनी खाली पायांकडे बघितलं. मग पिन काढली, ती निघाल्याची तीनदा खात्री केली आणि मागच्या अंगणात गेले. अर्थिंगच्या खड्ड्याला लोटाभर पाणी घातलं, तिथून तांब्याची तार खिडकीतून आत ओढली आणि पेटीच्या पत्र्याला बांधली. आणि मग वायरमनकाकांनी चपला काढल्या. पंधरा वर्षांच्या शेजारात देवळाबाहेर त्यांचे उघडे पाय मी पहिल्यांदा पाहिले. पट्ट्यांखालची कातडी लहान मुलाच्या पायासारखी गोरी राहिली होती.

‘चप्पल काढ,’ ते वैशालीला म्हणाले. हे वाक्य त्या तोंडून ऐकून दारातल्या दोघातिघांनी आपल्याही काढल्या. काकांनी एका हातात तार धरली आणि दुसऱ्या हातात वैशालीचं मनगट. ‘मी धरलाय. तू दाब.’

तिने दाबलं. टक् असा आवाज आला, आणि काकांनी डोळे मिटून घेतले. पिन लावल्यावर शिटी एकच झाली, छोटीशी. पडदा उजळला, आणि थोड्या वेळाने त्यावर एक लोखंडी पाना चहूबाजूंनी झुळझुळ फिरायला लागला. चाळीने टाळ्या वाजवल्या. काका पान्याकडे बघतच नव्हते, अजून तिचं मनगट धरून होते. ‘बाबा, सोडा आता,’ ती म्हणाली, तेव्हा सोडलं.

मंगळवारची परीक्षा ती पास झाली. दोन वर्षं इथे काम करून पुण्याला मोठ्या ऑफिसात गेली. काका माझ्या घरी येताना पूर्वीसारखेच चपला घालून येत, मला झिरोचा बल्ब म्हणत, पण आवाजातला व्होल्टेज जरा उतरला होता. त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून ती दर रविवारी माझ्या घरी फोन करी आणि काका अर्धा तास आधीच येऊन बसत. एका रविवारी ती म्हणाली, की तिने स्वतःचा कॉम्प्युटर घेतलाय, नवं कार्ड आणलंय आणि आत्ता बसवायला घेतलंय. मला वाटलं, आता चपलांची चौकशी होणार.

काका रिसीव्हर कानाला धरून उठले, पायांतल्या स्लिपरा काढल्या, माझ्या थंड फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि मोकळ्या हाताने खिडकीचा गज घट्ट धरला. ‘हां. दाब,’ एवढंच म्हणाले. पुण्यातला टक् मला काही ऐकू आला नाही. पण काकांनी डोळे मिटले, त्यावरून कळलं.

तिने फोन ठेवला. काका तसेच गज धरून उभे राहिले. काय करावं न सुचून मी त्यांच्या चपला पायाने पुढे सरकवल्या.

‘ऱ्हाऊ दे मास्तर,’ ते म्हणाले. ‘स्क्रू लावतेय अजून ती.’