तिसऱ्या खोलीतली मोहरी

संशोधन केंद्राच्या काचघरात शेजारीशेजारी तीन खोल्या होत्या, आणि तिन्हींत एकाच पोत्यातली मोहरी पेरलेली होती. पहिल्या खोलीत केसाळ भुंगे सोडलेले, दुसरीत छोट्या फुलमाश्या. तिसऱ्या खोलीत ना भुंगा ना माशी. तिथं कुंचलामावशी.

चित्रकाराकडे असतो तसा बारीक कुंचला कानावर खोचून ती दिवसभर रोपांमधून फिरायची. एका फुलावरचे पिवळे परागकण कुंचल्यानं उचलायचे, दुसऱ्या रोपाच्या फुलावर टेकवायचे. भुंग्याचं काम माणसानं करायचं. हात इतका हलका की पाकळीही थरथरायची नाही. प्रयोग चालवणाऱ्या मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या मावशींचा हात म्हणजे यंत्र आहे, यंत्र!" मग मावशी उगाचच एखादी कुंडी इकडची तिकडे सरकवायची.

वर्षाला मोहरीच्या पाच पिढ्या निघायच्या. प्रत्येक पिढीचं बी पुढच्या पिढीसाठी पेरायचं आणि सहा वर्षांनी बघायचं, भुंग्यांच्या आणि माश्यांच्या खोलीतली फुलं एकमेकांपासून वेगळी होतात का. तिसरी खोली नुसती तुलनेसाठी. तिथं कुणाचीच आवडनिवड चालायला नको, म्हणून मावशीकडे पत्र्याचा एक डबा दिलेला होता. शंभर रोपं, शंभर चिठ्ठ्या. न बघता चाळीस काढायच्या, ज्यांचा नंबर निघेल तेवढ्यांनाच परागकण लावायचे आणि वहीत लिहायचं.

दीड वर्ष मावशीनं हे इमानानं केलं. मग एकदा उंच रोपापर्यंत हात पुरवताना स्टूल घसरलं, ती कुंडीसकट खाली आली आणि तिचा उजवा गुडघा कायमचा रुसला. त्यानंतर सत्त्याऐंशी नंबरची चिठ्ठी निघाली आणि सत्त्याऐंशी ताडमाड वाढलेलं असलं, की ती मनाशी म्हणायची, जाऊ दे, शेजारचं घेऊ. उग्र वासाच्या फुलांनी डोकं भणभणायचं. तीही राहू देऊ. नजर अधू व्हायला लागली तशी, ज्यांचे पुंकेसर ठळक बाहेर आलेले असत तीच फुलं बरी वाटायला लागली. हळूहळू चिठ्ठ्यांचा डबा फळीवर धूळ खात पडला. वहीत नंबर मात्र चाळीसच असायचे. फूल ते फूल, त्यात काय एवढं, असं तिला खरंच वाटायचं.

निघालेलं बी कोठीत जायचं, कोठीभाऊंकडे. बावीस वर्षं ते एकच काम करत होते: बियांच्या पुड्या बांधायच्या, वर मोत्यासारख्या अक्षरात पिढी आणि खोली लिहायची, खणात लावायच्या. प्रत्येक पिढीतलं मूठभर बी ते पुढेमागे लागेल म्हणून जपून ठेवत. स्वभाव मिश्कील. "माझ्या कोठीत मुंगीसुद्धा सही करून आत येते," असं ते म्हणायचे. मावशी बी घेऊन गेली की दोघं दारातच उभं राहून चहा प्यायची आणि मॅडमच्या विसरभोळेपणाची टिंगल करायची. एकदा मॅडम डोक्यावरचा चष्मा कोठीत शोधत आल्या, तर भाऊंनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "कितव्या पिढीतला हवाय?"

सहावं वर्ष सरलं आणि मोजमापं झाली. भुंग्यांच्या खोलीतली मोहरी उंच झाली होती; दार उघडलं की वास अंगावर यायचा. माश्यांच्या खोलीतली बुटकी, जवळजवळ बिनवासाची, आणि कुणाची वाट न बघता स्वतःच बी धरणारी. मॅडमचा आनंद गगनात मावेना. पण तिसऱ्या खोलीची मोजमापं आली आणि त्या खुर्चीतच बसल्या. जी फुलं आहेत तशीच राहायला हवी होती ती बुटकी झालेली, वास गेलेला, पाकळ्या सताड उघड्या, पुंकेसर बाहेर डोकावणारे. माश्यांच्या खोलीची सख्खी बहीणच जणू.

एकच अर्थ निघत होता: कोठीत बी मिसळलं गेलं.

बाहेरून दोघं तपासायला आले. कोठीभाऊंनी सगळे खण उघडून दाखवले, सगळ्या वह्या पुढ्यात टाकल्या. "माझ्या हातून हे होणार नाही, साहेब." तपासणाऱ्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग मावशीला बोलावलं.

"मावशी, तुम्ही चिठ्ठ्या काढूनच काम करता ना?"

समोर मॅडम बसलेल्या. बाजूला कोठीभाऊ, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"हो," ती म्हणाली.

एवढंच विचारलं, एवढंच ती बोलली. तिसऱ्या खोलीचं साठवलेलं सगळं बी भेसळीचं ठरलं आणि भट्टीत गेलं. कोठीभाऊंकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना फाटकावर बसवलं, आल्यागेल्या गाड्यांचे नंबर लिहायला. तिथंही अक्षर तसंच मोत्यासारखं. मावशी सकाळी आत शिरताना मान वर करायची नाही.

पुढच्याच महिन्यात एका शाळेची मुलं काचघर बघायला आली. मावशी मागे कुंड्या पुसत होती.

"फुलानं ठरवलं का, की आपण उंच व्हायचं?" एका मुलीनं विचारलं.

"फूल काही ठरवत नाही गं," मॅडम म्हणाल्या. "शंभरात चार फुलं जन्मतःच जरा उंच, जरा जास्त वासाची असतात. भुंग्याला ती लवकर सापडतात, म्हणून तो तिथं जास्त वेळा जातो. मग बी कुणाचं जास्त होणार? त्या चौघांचं. पुढच्या पिढीत चाराची दहा होतात. भुंग्याला कळतही नाही आपण काय करतोय ते. तो आपला सोयीचं तेवढं बघतो."

मावशीच्या हातातलं फडकं थांबलं. छातीएवढ्या उंचीची रोपं. डोकं न दुखवणारी. पुंकेसर ठळक दिसणारी. बी मिसळलंच नव्हतं. तिसऱ्या खोलीत साडेचार वर्षं एक भुंगा फिरत होता, गुडघ्यानं अधू आणि नजरेनं कच्चा, आणि मोहरी त्याच्यासाठी वाकत गेली होती.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मॅडम दहा पावलांवर होत्या, फाटक शंभर पावलांवर. पण ती कुंड्या पुसत राहिली. उद्या सांगू, मुलं गेली की सांगू, मॅडमचं परदेशी व्याख्यान आटोपलं की सांगू. घरी मुलीनं विचारलं, "आई, जेवत का नाहीस?" तर गुडघ्यावर ढकलून मोकळी झाली. आठ महिन्यांनी कोठीभाऊ निवृत्त झाले. निरोपाला पाच-सहा माणसं होती. हार घालताना कुणीतरी म्हणालं, "चुका माणसाकडूनच होतात, भाऊ." भाऊ हसले. मावशीनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला पुढे फार छळत राहिल्या.

असंच आणखी एक वर्ष गेलं. मग एका दुपारी मॅडम खोलीत एकट्या असताना तिनं दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कळतंय का हे काय होतं? भुंगे आणि माश्या काय करतात ते इतरांनीही दाखवलंय. पण माणसाच्या सोयीनं फूल नकळत कसं बदलत जातं, हे पिढी-पिढीनं आपल्या हातात होतं. कोठीत. पुड्या बांधून. नुसतं पेरून बघायचं होतं."

"आणि ते जाळलं," मावशी म्हणाली.

"मी जाळायला सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "सही माझी आहे."

त्या रविवारी मावशी कोठीभाऊंच्या घरी गेली. ते त्यांच्या आजारी थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहत होते. मावशी बोलत होती तोवर ते मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"म्हणजे मी नाही मिसळलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही भाऊ. तुमची एक पुडी इकडची तिकडे झाली नव्हती."

"ताई, पहिले दोन महिने मी भांडत होतो. मग मलाच वाटायला लागलं, झालं असेल. माणूस म्हातारा झाला, विसरला असेल. कुलूप लावलं की तीन-तीनदा परत येऊन बघतो. अक्काच्या गोळ्या मी द्यायचो. ते बंद केलं. शेजारची सून येते, ती देते. म्हटलं, ज्याला बी सांभाळता आलं नाही त्यानं माणसाच्या गोळ्यांना हात लावू नये."

मावशीला रडू आलं. भाऊंनी तिला रडू दिलं. गप्प केलं नाही, पाणीही विचारलं नाही. मग म्हणाले, "मला सांगितलंत, ठीक. आत जाऊन अक्कालाही सांगा. तिनं माझ्यावर कधी शंका घेतली नाही, पण तिला ऐकू दे."

मावशी आत गेली आणि तिसऱ्यांदा तेच सगळं बोलली. म्हातारीनं भिंतीकडे बघत ऐकून घेतलं. "आमचा हा पूर्वी गायचा," एवढंच ती म्हणाली.

मॅडमनी कार्यालयाला पत्र लिहिलं, स्वतःची चूकही त्यात लिहिली. भाऊंच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली गेली. त्यांना कळवलं तेव्हा त्यांचं पोहोचल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. अक्षर जरा हललेलं होतं. मावशी पुढेही दोन-तीनदा त्यांच्याकडे गेली. दार उघडायचे, बसा म्हणायचे, हवापाण्याचं बोलायचे. टिंगलटवाळी मात्र परत आली नाही.

मॅडमच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. मूळ पोत्यातलं उरलेलं बी पेरून त्यांनी तिसरी खोली पुन्हा लावली. "मावशी, आता चिठ्ठ्या नाहीत. पूर्वी घ्यायचात तशीच फुलं घ्या, आम्ही सगळं मोजत राहू." मावशीनं कुंचला उचलला. समोर छातीएवढं एक रोप होतं, त्यामागे एक उंच. हात पहिल्याकडे गेला आणि थबकला. हे सोपं म्हणून घेतेय, की तेव्हा घेतलं होतं म्हणून? तिनं उंच घेतलं. मग वाटलं, हेही चुकलंच. पूर्वी चाळीस रोपांना सकाळ पुरायची. आता संध्याकाळ व्हायची. डोळ्यांना नवा चष्मा होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दहा पिढ्या झाल्या तरी मोहरी कुठल्याच बाजूला झुकली नाही.

"नकळत झालेलं ठरवून होत नाही, मावशी," मॅडम निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात म्हणाल्या, आणि मोजमापांची वही मिटून त्यांनी पिशवीत ठेवली. मावशीनं कुंड्या एकेक करून बाहेर नेल्या, माती उपसून ढिगावर टाकली आणि रिकाम्या फळ्या ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या.