म्हसवडचे पाहुणे आणि सांगलीचं काचघर

गावाकडचे पाहुणे सांगलीत आले की शेंगा ठेवून जातात, आणि किस्सेही. शेंगा संपतात, किस्से साठतच राहतात!

आमचे हे फौजेत, लांब पूर्वेकडच्या पावसाळी जंगलात. गावच्या यात्रेला येतो म्हणालेत. तोवर आमच्या दुष्काळी म्हसवडहून कुणीही आलं की मी त्याला इथल्या बागेतल्या काचघरात नेते. आत परमुलखातली झाडं, दमट हवा, वरून बारीक फवारे. "हे असल्याच हवेत राहतात," असं सांगायला मला निमित्त!

*

सासूबाईंनी दारातच चपला काढल्या. त्यांचं बघून मागच्या अख्ख्या लायनीनं काढल्या! वॉचमन ओरडला, "आजी, हे देऊळ न्हाई!"

"एवढं हिरवं हाय, मग देव असंलच की रं आत!"

*

फवारा सुरू झाला, तसे चुलतसासरे टोपी काढून, तोंड वर करून उभेच राहिले.

"नाना, चला की पुढं."

"थांब गं पोरी. तिकिटात हाय न्हवं ह्यो पाऊस?"

*

जाऊबाई शालननं सुपाएवढं पान बघितलं. "अगं बया, ह्या एका पानात माजी शेळी दीस काढंल!" आणि घातला की हात! शिट्टी वाजली. शालन शांतपणे म्हणाली, "तोडत न्हवते. कवळं हाय का बघत हुते."

*

पाहुणे नसले की मी एकटीच जाते. बाकावर बसून घाम गाळते. एकदा वॉचमन म्हणाला, "मॅडम, सारखं काय बघता? झाडं तीच हायत."

"वाढली का बघते," मी रुबाबात म्हटलं.

"बरं. पण तुमचा कलप गालावर आलाय."

*

यात्रेच्या तोंडावर ह्यांची सुट्टी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी काचघरात असतानाच ह्यांचा व्हिडिओ कॉल लागला. मी फोन सगळीकडं फिरवला. "बघा, मीपण जंगलात!"

हे हसले. "अगं, हेच बघून डोळं हिरवं झाल्यात माजं. जरा भायेर जा की."

मी बाहेर गेले.

"ती मागं भिंतीकडं दिसतीया, ती बाभळ दाखव."

धुळीनं माखलेली, काट्यांत प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली. मी फोन धरला.

"जवळ ने. आजून जवळ."

हात भरून आला तरी हे बघतच होते. मागून वॉचमन ओरडला, "मॅडम, एकदा भायेर गेलं की परत आत सोडत न्हाई हां!"

तिकडून हे म्हणाले, "त्याला म्हणावं, कोन जातंय आत!"