त्या दुकानात नमस्कार करत नाहीत

डब्लिनमध्ये नदीपलीकडच्या एका गल्लीत काळ्या काचांचं दुकान आहे. प्रौढांची पुस्तकं, मासिकं आणि इतर सामान. एका शनिवारी दुपारी मी तिथे गेले. नवऱ्याला ठाऊक होतं. "तूच जा बाई, मला लाज वाटते," असं तोच म्हणाला होता. काय घेतलं ते सांगणार नाही. तो प्रश्नच असभ्य आहे.

दारात कॅमेरा होता, आणि तसं सांगणारी पाटीही. त्याची मला चीड आली नाही. कॅमेरा निदान पाटी लावून बघतो. बाकी तिथली शिस्त मला आवडली. फोन खिशात. एका कपाटापाशी एक माणूस, दुसऱ्यानं थांबायचं. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, हातातल्या वस्तूकडे तर नाहीच. मी वाट अडवून उभी राहिले तेव्हा गल्ल्यावरची बाई एवढंच म्हणाली, "यू आर ग्रँड, लव्ह," म्हणजे असू दे गं, काही बिघडलं नाही.

मी शिकले त्या कॉलेजात काही पुस्तकं कुलपात असत आणि ती मागणाऱ्या मुलीचं नाव संध्याकाळच्या आत तिच्या घरी पोचत असे. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. वडील पिठाची गिरणी चालवायचे. त्यांनाही कुणीतरी गिरणीवर येऊन सांगितलं होतं, "पोरगी भलतंसलतं वाचते." वडील म्हणाले, "वाचते ना? मग झालं."

तर मी मागच्या भिंतीपाशी पुस्तक चाळत होते, आणि शेजारून आवाज आला, "अरे, नमस्कार ताई!"

आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. परदेशात मराठी चेहरा दिसला की आपल्या माणसाचे हात आपोआप जुळतात, दुकान कुठलं ते बघायच्या आधीच. जोडलेल्या हातांत कुठलं मासिक आहे ते त्यांच्या मागाहून लक्षात आलं. आसपासची डोकी वर झाली. तिथे कुणीच नसल्यासारखी मी मान वळवली. तिथे तेच करायचं असतं.

त्यांना ते पुरलं नाही. मी बोलेन, ही भीती. म्हणून ते आधी बोलले.

डब्लिनच्याच क्लोनडॉकिन भागातल्या एका हॉलमध्ये मी दर रविवारी मंडळाचा मराठीचा वर्ग घेत असे. आठवडाभर औषधांचा कारखाना, आणि रविवारी "काकी, धिस इज सो हार्ड" म्हणणारी पोरं. या देशात त्या वर्गाइतकं माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. त्या रविवारी पोरं गेल्यावर अध्यक्षांनी मला थांबवलं. समितीतल्या एक वहिनी, सेक्रेटरी आणि त्यांची बायको आधीच बसलेली.

"राग मानू नका ताई," अध्यक्ष म्हणाले, "पण मुलांच्या संस्कारांचा प्रश्न आहे. तुम्ही नको त्या दुकानात दिसलात म्हणे."

"कुणाला?"

"एका विश्वासू माणसाला. रस्त्यानं चालला होता."

"काचा काळ्या आहेत. रस्त्यावरून काही दिसत नाही."

"अहो, मागच्या भिंतीपाशी पुस्तक चाळत होतात. इतकं नक्की सांगितलंय त्यानं."

"मग तो मागच्या भिंतीपाशी काय करत होता? रस्ता तिथून जातो?"

वहिनी फिस्सकन हसल्या. सेक्रेटरी चहाच्या कपात बघत राहिले. त्यांची बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

नाव अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. "मी त्याला पाहिलंय," मी म्हटलं. "नाव घेणार नाही. तिथे जाणं हा त्याचा गुन्हा नाही, माझाही नाही. चहाडी करणं आहे."

"बरं, विषय संपला," अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले. "वर्ग चालू ठेवा. फक्त यापुढे असं होणार नाही, एवढं म्हणा."

"नाही म्हणणार. वाटलं तर पुन्हा जाईन."

वर्ग गेला. ताईंनी वैयक्तिक कारणामुळे रजा घेतली आहे, असं मंडळाच्या ग्रुपवर कळवलं कुणी, तर सेक्रेटरींनीच! मी लगेच खाली लिहिलं: रजा घेतलेली नाही. मला काढलंय. कारण हवं असेल त्यानं मला फोन करावा.

कारण विचारायला कुणाचाही फोन आला नाही. त्यांना ते आधीच पुरवलेलं होतं. माझ्या मागे हॉलमध्ये कोण शिकवणार, हेही कुणाला सुचलं नाही. वर्गच बंद पडला. पोरांचं मराठी बुडालं तरी चालेल, संस्कार वाचले!

फोन आला तो एकच, सेक्रेटरींच्या बायकोचा. "ताई, आमच्या मुलीची जोडाक्षरं अर्धवट राहिलीत. तुमच्या घरी पाठवू?"

"पाठवा," मी म्हटलं.

तिनं कारण विचारलं नाही, फक्त वेळ विचारली.