जिन्यात चाचणी झालेला फोन

पॅराग्लायडिंग शिकून आले, पण माझ्याकडं व्हॅरिओमीटर नव्हता. हवेत आपण वर चाललोय की खाली, हे नुसतं अंदाजानं नीट कळत नाही. व्हॅरिओमीटर ते आवाजानं सांगतो. वर चढू लागलं की टी-टी वाजतो, खाली येऊ लागलं की लांब रडका सूर काढतो.

शिकवणारे सर म्हणाले होते, "वेगळं यंत्र नंतर घ्या, आधी फोनवर ॲप चालवा. फक्त फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर हवा."

माझ्या फोनमध्ये तो निघाला नाही. ॲप उपग्रहावरून उंची काढायचं. मी धावत गच्चीवर गेले, धाप ओसरली, मग कुठं फोन वाजला. आकाशात एवढ्या वेळात वर नेणारी हवा हातची निघून जाते.

एका रविवारी असा सेन्सर असलेला फोन शोधायला वडिलांना घेऊन मोबाईलच्या बाजारात गेले. त्यांना त्यांच्या फोनची काच बदलायची होती. त्यांचं लहानपण सोयगावकडच्या डोंगरात मेंढरं राखण्यात गेलेलं.

पहिल्या दुकानदारानं डोळे झाकून सांगितलं, "मॅडम, सब सेन्सर है इसमें." पाहिलं तर दाबाचा नव्हता. दुसरा म्हणाला, "कॅमेरा देखो, बॅटरी देखो. हवा मापके क्या करते?"

तिसरं दुकान जुन्या फोनांचं होतं. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चार फोन पुढं ठेवले. "ॲप टाका आणि शेजारच्या जिन्यात घेऊन जा," म्हणाल्या.

मी खाली थांबले, वडील एकेक फोन घेऊन जिना चढू लागले. पहिला फोन दोन मजले मुका. दुसराही तसाच. तिसरा काउंटरवर ठेवल्या ठेवल्याच वाजायला लागला. मला आनंद झाला, पण बाईंनी वर बोट दाखवलं. पंख्याचा वारा थेट त्याच्यावर येत होता. बाजूला घेतला तेव्हा शांत झाला, मात्र जिन्यात कधी वाजे, कधी नाही.

चौथ्याची मागची काच तडकलेली होती. वडील चार पायऱ्या चढले आणि तो टी-टी करू लागला. ते थांबले, तोही थांबला. उतरले, तर रडका सूर निघाला. वडील पुन्हा चढले, पुन्हा उतरले. गिऱ्हाईकं बघायला गोळा झाली.

"आबा, झालं आता, कळलं," मी म्हणाले.

"थांब की. लई इमानदार हाय ह्यो," असं म्हणत ते आणखी एकदा वर गेले. शेवटी बाई स्वतः फोन घेऊन स्टुलावर चढल्या आणि तो वाजल्यावर मनापासून हसल्या. तोच फोन मी घेतला.

हिवाळ्यात सर आणि आम्ही काही जण अजिंठ्याच्या डोंगररांगेत एका उतारावर उडायला गेलो. वडीलही बघायला सोबत आले. उडण्याआधी वडिलांनी नांगरलेल्या रानावर फिरणारी घार दाखवली. "पंख हलवंना बघ. तिथं हवा उठतीय."

मी तिकडं वळले. मांडीवर बांधलेला फोन आधी एकदाच वाजला, मग आवाज भराभर येऊ लागले. मी गोल वळत राहिले. ज्या उतारावरून निघाले होते, तोच थोड्या वेळानं माझ्या पायांखाली होता. मी एकटीच मोठ्यानं हसत होते.

उतरले तेव्हा वडील म्हणाले, "मला बी न्या की."

सरांनी त्यांची तब्येत विचारली, उतारावर चार पावलं पळून दाखवायला सांगितलं आणि दुपारी दोघांना नेणाऱ्या मोठ्या पॅराग्लायडरवर आपल्यापुढं बसवून नेलं. माझा फोन मी वडिलांच्या छातीवर बांधून दिला होता; तो आता वाजत असेल, असं मनात धरून मी खालून बघत होते. बराच वेळ ते वरच होते.

जमिनीवर पाय टेकल्यावर त्यांनी छातीवरचा फोन सोडून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "रानं लई बारकी दिसत्यात. पण मेंढरं मातर वरून बी वळखू येत्यात."