साळवे सरांचं तांबं

माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर बाईंचा फोन आला. "विलास, सर गेले," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुझं काय चुकलं न्हाई. मनाला लावून घिऊ नको." माझं चुकलं असं मला वाटतं, हे मी त्यांना कधी बोललो नव्हतो, तरी त्यांनी ओळखलं होतं. आज दीड महिना झाला, अजून तसंच वाटतं. बाईंनी परवानगी दिली म्हणून हे लिहितो आहे. "लिहिणार असशील तर सगळं लिही," एवढीच त्यांची अट.

साळवे सर आम्हाला जामखेडला विज्ञान शिकवायचे आणि त्यांच्या पत्नी यशोदाबाई प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायच्या. सर वर्गातसुद्धा त्यांची थट्टा करायचे. "आमच्या घरी गमभनच्या पुढं धडा सरकत नाही," म्हणायचे, आणि आम्ही दात काढायचो. सरांची जीभ तिखट, आणि नेमकी तीच आधी गेली. स्नायू एकेक करून निकामी करणारा आजार. निवृत्तीनंतर दोन वर्षांत आवाज गेला, पाय गेले, हात गेले. उरलं उजव्या हाताचं एक बोट. त्या बोटासाठी मी पुण्याहून एक जुना, लहानसा संगणक आणून बसवला. सर एकेक अक्षर दाबत, एका ओळीला पाऊण तास लागे. लिहिलेलं जतन करायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, ते एका बोटाला कसं जमावं... म्हणून शाळेतून आल्या की बाई शेजारी बसून राहायच्या.

चैत्र लागला आणि घराचा पत्रा तापायला लागला. संगणकाच्या मुख्य चिपवरचा चिमुकला पंखा धुळीनं अडकला. नगरहून दुसरा आणला, तोही आठ दिवसांत बसला. वीज गेली तर बॅटरी होती, पण तापण्यावर इलाज नव्हता. वीस मिनिटांत पडदा थिजायचा, आणि त्या धक्क्यात जतन केलेलं पानही उघडेनासं व्हायचं. एका दुपारी पडद्यावर "यशोदा, तुला सांगायचे राहिले, तुझे" एवढं उमटलं आणि मशीन गेलं. पुन्हा चालू केलं, तर दुसऱ्या वेळी "सांगायचे"पाशीच थांबलं. तिसऱ्या दिवशी बाई माझ्या दुकानात आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "त्यांचं बोट आता नीट वळत न्हाई. ते जायच्या आत मला ते वाक्य पुरं पाहिजे. काय बी कर."

उपाय सरांनीच सांगितला. मशीन थिजायच्या आत त्यांनी लिहिलं, "तांबे लाव. पंखा नको. फिरते ते बिघडते." दुसऱ्या दिवशी, "पाती उभी. मधून हवेला वाट." मी कागदावर चित्र काढून बाबूराव तांबटांकडे गेलो. म्हातारा गडी, जन्मभर हंडे-घागरी घडवल्या. चित्र उलटंसुलटं करून त्यांनी विचारलं, "ह्यात ठिवायचं काय?" मी म्हटलं, काहीच नाही, नुसती उष्णता बाहेर टाकायची. "मंग ह्येला भांडं तरी कसं म्हनावं," म्हणाले, पण केलं. बशीएवढ्या, जाड तांब्याच्या चकतीवर उभी पाती डाख देऊन बसवली. मी टीव्हीच्या ट्रान्झिस्टरखाली लावतो तो उष्णता पुढं नेणारा पांढरा लेप लावून ते चिपवर चढवलं. सगळे जीव मुठीत धरून बसलो. पंचवीस मिनिटांनी पडदा थिजला.

सरांनी दुसऱ्या सकाळी दोनच शब्द लिहिले, "तळ बघ." काढून बघतो तर तळावर हातोडीचे चकाकते ठोके, ओळीनं, देखणे. मठारकाम. प्रत्येक भांड्यावर करतात ते. सरांचं काम म्हणून बाबूरावांनी ते वरखाली सगळीकडे जीव ओतून केलं होतं. त्या खळग्यांमुळे तांबं चिपला जेमतेम टेकत होतं. घासून द्या म्हटल्यावर म्हातारा दुखावला. "सरांच्या घरी कोरं तांबं दिऊ व्हय? माझ्या हातानं न्हाई पुसनार मी." मग बाईंनी भिंतीवरचा आरसा काढून जमिनीवर आडवा ठेवला, कारण घरात त्याच्याइतकं सपाट दुसरं काही नव्हतं. त्यावर पॉलिशपेपर, पाण्याचा हात, आणि दोन दुपारी त्या तांबं घासत बसल्या. तळहाताला फोड आले. मी म्हटलं, द्या इकडे. त्यांनी दिलं नाही.

मग मात्र मशीन चाललं. दिवस मावळेपर्यंत एकदाही थांबलं नाही. मी आणि बाई अक्षर-अक्षर बघत होतो. "यशोदा, तुला सांगायचे राहिले, तुझे बी.एड.चे पत्र आले होते. प्रवेश मिळाला होता. मी पत्र शाळेच्या कपाटात ठेवले. आई आजारी होती. घर कोणी बघायचे." बाईंनी बाहेरून बी.ए. केलं होतं. आपली निवड झाली नाही, असं समजून त्यांनी तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, आणि आम्ही हसलो होतो... त्यांनी शांतपणे ती दोन बटणं दाबली, वाक्य जतन केलं, उठल्या आणि खोलीबाहेर गेल्या. चार दिवस त्या खोलीत आल्या नाहीत. सरांना मी भरवायचो. सर "यशोदा" लिहायचे, खाली पुन्हा "यशोदा". ते मशीन बंद पडावं असं मला वाटायचं, पण मी आणि सरांनी मिळून ते असं थंड केलं होतं की बंद पडायचं नाव घेईना. चौथ्या संध्याकाळी "यशो"वर बोट थांबलं ते कायमचं. पाचव्या दिवशी बाई आल्या, बोट थांबल्याचं त्यांना कळलं, आणि त्यांनी सरांची कूस बदलली. पुढचे अडीच महिने सगळं त्यांनीच केलं. सरांची नजर त्यांच्या मागं मागं फिरायची. मला ती बघवत नसे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी मी संगणक उतरवून न्यायला गेलो. बाई नुकत्याच शाळेतून आल्या होत्या. सरांच्या जागी बसून एका बोटानं काहीतरी लिहीत होत्या. मला बघून त्यांनी पडदा थोडा तिकडे वळवला. पान भरलेलं दिसत होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, सरांना माफ केलंत का?"

"आत्ता कुठं भांडायला लागलीय," त्या लिहिता लिहिताच म्हणाल्या. "आंथरुनात पडलेल्या मानसाशी भांडता येतं व्हय?"

मी झाकण उचलून पात्यांवर हात ठेवून पाहिला. नुसती कोमट होती. मशीन रात्रीपर्यंत चालेल, एवढं बाईंना सांगितलं आणि रिकाम्या हातानं निघालो.