तांबोळी मामांचा उजवा हात

कारखान्यात नव्या आलेल्या प्रत्येकाशी तांबोळी मामा मुद्दाम उजवा हात मिळवायचे. त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मी ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी दचकून हात मागे घेतला. मामा म्हणाले, "घाबरा, मॅडम. इथं घाबरणारेच सगळ्या बोटांनिशी घरी जातात."

हडपसरच्या त्या कारखान्यात पत्रा दाबणारे प्रेस होते. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात बाहेरच राहत. मामांची बोटं गेली तेव्हा एकच बटण होतं. काम उरकावं म्हणून सुपरवायझर आता दुसरं बटण दाबलेलंच राहील असं पट्टीनं बांधायला लावी. मामा रोज सकाळी फिरून पट्ट्या कापत आणि त्याच्या टेबलावर ठेवत. "आपली राखी विसरली होती, साहेब."

मामा मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले आणि त्याच आठवड्यात प्रेसवरच्या सुनीलची दोन बोटं गेली.

माझं इंग्रजी चांगलं, म्हणून अपघाताचा रिपोर्ट माझ्याकडे आला. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बसवून सांगितलं ते मी मुकाट टाइप केलं. माझी सही राहिली होती, तेवढ्यात रजेवरून परतलेले मामा केबिनमध्ये आले.

"मला इंग्रजी येत नाही. मराठीत वाचा."

मी वाचलं, "बटण कामगाराने स्वतः बांधले होते." तसं ठरलं असतं तर सुनीलला ना भरपाई मिळाली असती, ना नोकरी राहिली असती.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग काय पाहिलंत?"

शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. "अपघातानंतर सुपरवायझर पट्टी कापून खिशात घालत होते."

मॅनेजरसाहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही अजून कन्फर्म नाही ना, मॅडम?"

"खरं लिहायला कन्फर्म व्हावं लागत नाही, साहेब," मामा म्हणाले.

मी ते वाक्य खोडलं, पाहिलेलं लिहिलं आणि सही केली. अक्षर वाकडं आलं.

चार महिन्यांनी सुनील कामावर परतला, आता तपासणी विभागात. उजवा हात खिशात. मामांनी सगळ्यांसमोर आपला हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं खिशातला हात बाहेर आला.

"तुझी तीन, माझी दोन," मामा म्हणाले. "झाला की एक हात पुरा!"

मामा निवृत्त झाले त्या दिवशी मी स्वतःहून हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला.

"अजून घाबरता ना?"

"हो."

"मग सकाळची फेरी तुमची."