हातनोलीची फुलपुडी

दीनानाथ सबनीस यांनी दिल्लीत छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि त्या छत्तीस वर्षांत कुणाला एक फूल पाठवलं नाही. साहेबांच्या निरोप समारंभाला गुच्छ आणायचा असला तर वर्गणी काढायची आणि शिपायाला पिटाळायचं, एवढाच त्यांचा फुलांशी संबंध. असा माणूस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी नोएडातल्या आपल्या फ्लॅटमध्ये मोबाइल घेऊन बसला आणि हातनोलीला फुलं कशी पाठवतात म्हणून सुनेला विचारू लागला, तेव्हा त्यांची बायको शुभदा आधी हसली. फुलं अण्णांसाठी आहेत हे कळलं, तेव्हा तिचं हसू गेलं.

अण्णा म्हणजे अण्णासाहेब, त्यांचे थोरले भाऊ. बारा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा हातनोलीच्या शाळेत मास्तरकी करून अण्णांनी धाकट्याला कॉलेजात घातलं आणि दिल्लीच्या परीक्षेला बसवलं. हातनोली म्हणजे एक एसटी स्टँड, एक बँक आणि सोमवारचा बाजार. तिथला पोरगा मंत्रालयात लागला, म्हणून अण्णांनी गावभर पेढे वाटले होते.

तेरा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. अण्णांचा फोन आला त्या दिवशी संसदेचं अधिवेशन चालू होतं, आणि दीनानाथरावांच्या टेबलावर एका तारांकित प्रश्नाचं उत्तर होतं. रजा मागायला ते साहेबांच्या खोलीत गेले, साहेबांनी मान वर न करता ‘सेशन के बाद’ म्हटलं आणि हे परत जागेवर येऊन बसले. भांडले नाहीत. तो प्रश्न त्या दिवशी सभागृहात पुकारलासुद्धा गेला नाही. दीनानाथराव हातनोलीला पोचले ते तेराव्याला. अण्णांनी त्यांना दारातच पाहिलं आणि म्हणाले, “आलात, बरं झालं. पाहुणे मंडळी पलीकडे बसलीत. जेवून जा.”

सख्ख्या भावाला त्यांनी ‘आलात’ म्हटलं. दीनानाथराव पाहुण्यांच्या पंगतीत बसले, जेवले आणि संध्याकाळच्या एसटीने निघाले. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. चूक आपली आहे हे दीनानाथरावांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तोंड उघडत नव्हतं. निवृत्त झाल्यावर तर कसलं अधिवेशन उरलं नव्हतं. पण कधी गुडघा दुखायचा, कधी मोतीबिंदू निघायचा, कधी नातवाच्या परीक्षा यायच्या. एकूण काय, स्वतःच्या रजेचा अर्ज आता ते स्वतःच नामंजूर करत होते.

गेल्या वर्षी पहाडगंजच्या मराठी शाळेत जुन्या शिक्षकांचा मेळावा होता. शुभदा तिथे बरीच वर्षं शिकवत होती, म्हणून दोघं गेले. तिथे हातनोलीकडचा एक ओळखीचा भेटला. बोलता बोलता म्हणाला, “अण्णासाहेबांचे पाय गेले हो. घरातल्या घरात काठी घेऊन चालतात. परसात जाऊन फुलं काढणं होत नाही. देवांना नुसत्या अक्षता वाहतात.”

हे दीनानाथरावांना लागलं. सबनिसांचे देव अण्णांकडे होते. लहानपणी पहाटे उठून जास्वंद आणि तगर काढून आणायची धाकट्या दिन्याने, आणि एकेका देवाला निवडून वाहायची अण्णांनी, अशी घरची रीत होती. एखाद्या देवाला फूल कमी पडलं तर अण्णा त्याला पुन्हा परसात पाठवत. त्या माणसाने नुसत्या अक्षता वाहायच्या, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

सून रेवती आयटीत. तिने दोन-तीन ॲप उघडून पाहिली. “बाबा, तुमच्या गावाच्या पिनकोडला कुणी डिलिव्हरीच देत नाही. जिल्ह्याच्या गावाहून एक जण देईल म्हणतोय. बारा गुलाब, चॉकलेट आणि एक टेडी.”

“अण्णांना टेडी?” शुभदा म्हणाली.

“तो काढून टाकू, बिल्कुल काढून टाकू,” रेवती घाईघाईने म्हणाली.

शेवटी नकाशात हातनोलीचा स्टँड शोधून, तिथल्या एका फोटोतल्या पाटीवरचा नंबर दीनानाथरावांनी भिंग लावून उतरवून घेतला. ‘गुरव हार-फुले.’ फोन कुमुद गुरव नावाच्या बाईने उचलला. गुच्छ वगैरे आम्ही करत नाही, म्हणाली. हार, वेणी, गजरा मिळेल, आणि रोजची फुलपुडी. पहाटे पानात बांधून दाराच्या कडीला अडकवून जातो, कुणाला उठवत नाही.

फुलपुडी! दिल्लीत इतकी वर्षं काढून हा शब्दच ते विसरून गेले होते. इथे देवळाबाहेरच्या माणसाकडून झेंडूची पिशवी आणायची, की झालं. त्यांनी लगेच रोजची पुडी लावली. तगर हवी, जास्वंद हवी, दूर्वा आणि तुळस हवी. नाव मात्र सांगायचं नाही.

“नाव न सांगता कशी लावू, काका? मास्तर विचारतील की.”

“गावातल्या एका विद्यार्थ्याकडून म्हणा.”

कुमुद हसली. तिलाही अण्णांनीच शिकवलं होतं.

आणि पुडी सुरू झाली. पहिले आठ दिवस दीनानाथरावांचा जीव टांगणीला. अण्णा पुडी परत पाठवतील, कुमुदला खडसावतील, असं त्यांना वाटत होतं. तसं काही झालं नाही. महिन्याभराने त्यांनी विचारलं तेव्हा कुमुद म्हणाली, “घेतात की. कडी रिकामी असते रोज.”

कडी रिकामी असते! या तीन शब्दांवर दीनानाथरावांनी अख्खं वर्ष काढलं. अण्णांनी घेतलं, म्हणजे अण्णा निवळले, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. आता घाई कशाला? थोडं आणखी निवळू देत. गणपतीत जाऊ म्हणाले, मग दिवाळीत म्हणाले, मग थंडीत गुडघ्याला प्रवास सोसत नाही म्हणाले. शुभदा एकदा चिडून म्हणाली, “तुम्ही जा हो. पुडी जाते, तुम्ही का जात नाही?” त्यावर ते म्हणाले, “तुला अण्णा माहीत नाहीत.” अण्णा आपल्याला माहीत आहेत याची त्यांना भारी खात्री होती.

अखेर मुहूर्त सापडला. अण्णांना एक्याऐंशीवं लागलं होतं. दीनानाथरावांनी पंचांग काढून अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस काढला, आणि खरंच तिकीट काढलं. जाण्यायेण्याचं नव्हे, नुसतं जाण्याचं. चार दिवस राहीन, म्हणाले, अण्णा ठेवतील तितके दिवस. मुलगा यतीन याने जवळच्याच सेक्टरमध्ये नवा फ्लॅट घेतला होता. तिथे रविवारी सत्यनारायण झाला, त्याला दीनानाथराव सोवळं नेसून स्वतः बसले, पाचही अध्याय मोठ्याने ऐकले आणि प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की यतीन म्हणाला, “बाबांना आज काय झालंय?”

तीन दिवसांनी, बुधवारी सकाळी, त्यांनी कुमुदला फोन लावला.

“कुमुदताई, एक मोठा हार लागेल. गुलाब आणि निशिगंध, घसघशीत. मी स्वतः येऊन तुमच्याकडून घेणार आणि अण्णांच्या गळ्यात घालणार. आता नाव लपवायचं कारण नाही.”

पलीकडे स्टँडवर गाडीचा भोंगा वाजला.

“काका,” कुमुद म्हणाली, “तिथली पुडी मी बंद केलीय.”

“का? पैसे पोचले नाहीत का?”

“पैशाचं नाही हो. सुतकात पुडी घालत नाही ना आपण. मास्तरांच्या निखिलदादांनी सांगितलं, दहा दिवस नको. आज आठवा दिवस. तुम्हाला घरून कळलं असेल असंच मी धरून चालले. घरच्यांनी सांगायची बातमी, मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

सुतक. दीनानाथरावांना पुढे काही विचारावं लागलं नाही. ज्या घरात देवाला फूल चालत नाही त्या घरात काय झालेलं असतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. अण्णांच्या घरात अण्णा, वहिनी आणि अण्णांचा मुलगा निखिल, एवढीच माणसं. निखिलने निरोप दिला होता. तरी वेड्या आशेने त्यांनी विचारलं, “वहिनी?”

“मास्तर गेले, काका. गेल्या बुधवारी. झोपेतच.”

फोन ठेवल्यावर शुभदाने विचारलं तेव्हा म्हणाले, “आपल्याला सुतक आहे.” तिला आधी समजलंच नाही. मग ते म्हणाले, “आठ दिवसांपासून आहे. मी सत्यनारायणाला बसलो, शुभदा. अण्णा जाऊन चार दिवस झाले होते, आणि मी शिरा मागून घेतला.” एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

निखिलला फोन लावायला त्यांना दुपार झाली. तेरा वर्षांत त्या पोराशी ते चार वाक्यं बोलले नव्हते. निखिलने शांतपणे सगळं सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दीनानाथरावांना सोसेना.

“मला कळवलं का नाहीस रे?”

“अण्णांनीच सांगून ठेवलं होतं, काका. दिन्याला कळवू नका, म्हणाले. उगीच ओढाताण होईल त्याची.”

“पण मी रोज फुलं पाठवत होतो, निखिल. वर्षभर. त्यांना माहीत नव्हतं ते…”

“माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं त्यांना. पुडी सोडली, तगर आणि जास्वंद बघितली, आणि म्हणाले, ही दिन्याची. आईला हाक मारून दाखवली. त्या दिवशी दाढी केली त्यांनी, धुतलेलं धोतर नेसले. फुलं आलीत म्हणजे मागून तोही येतोय, असं म्हणाले. स्टँडवर गाडी लागायच्या वेळेला काठी घेऊन ओट्यावर बसायचे. महिनाभर तरी बसले असतील.”

दीनानाथरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मग एक दिवस बसायचे थांबले. आईने विचारलं तर म्हणाले, तो काही यायचा नाही आता. यायचं असतं तर फुलं कशाला पाठवली असती? फुलं रोज वाहायचे मात्र, शेवटच्या दिवसापर्यंत. तुम्हाला बोल लावत नाही, काका. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

कडी रोज रिकामी होत होती, ते खरंच होतं.

देवघरात सकाळची फुलं तशीच होती. सुतकात देवाला शिवायचं नाही, म्हणून ती काढताही येईनात. दीनानाथराव समोर पाट न घेता जमिनीवर बसले. पुढच्या महिन्याचं तिकीट त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. शुभदाने यतीनला फोन करून रात्रीच्या विमानाचं बघायला सांगितलं, आणि बॅग काढली. दहाव्याला पोचता येणार होतं. या वेळी पोचता येणार होतं, आणि त्याचा अण्णांना काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी कुमुदचा मेसेज आला. काका, सुतक फिटल्यावर पुडी परत सुरू करू का?

पुडी नको, मी येतोय, असं त्यांनी लिहिलं, आणि हेच वर्षापूर्वी अण्णांना लिहायचं होतं हे लक्षात येऊन ते मेसेज न पाठवता तसेच बसून राहिले.